गिअर बॉक्समधून तेल गळतंय: सील बदलण्याआधी गळती कुठून आहे ते शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरातल्या एका गृहस्थांकडे वडिलांची २००८ ची वॅगन आर आहे, पेट्रोलवरची, साध्या गिअरची. रात्री गाडी उभी केली की सकाळी डाव्या पुढच्या चाकाच्या आतल्या अंगाला फरशीवर तेलाचे पाच-सहा थेंब दिसतात. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, "गिअर बॉक्स खाली घ्यावा लागेल, सगळे सील मारू." दुसऱ्याने गळती थांबवणारं बाटलीतलं औषध टाकायला सांगितलं. आता ऐकायचं कोणाचं, आणि रविवारी आईला याच गाडीतून तुळजापूरला न्यायचं की नाही?

रविवार जवळ आलाय, म्हणून आधी तुळजापूरचं सांगतो. गिअर बॉक्समधल्या तेलाची पातळी तपासल्याशिवाय जाऊ नका. पातळी बरोबर निघाली तर खुशाल जा. पंचेचाळीस किलोमीटर जाऊन तेवढंच परत येण्यात पाच-सहा थेंबांच्या गळतीने गिअर बॉक्स रिकामा होत नाही. पण ही गळती किती महिन्यांपासून आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि बहुतेक मालकांना ते ठाऊकही नसतं. पातळी आधीच निम्म्यावर आली असेल, तर भर उन्हात तुळजापूरचा घाट चढताना आतल्या बेअरिंगचा जीव जाईल. गळतीने गिअर बॉक्स मरत नाही, कमी तेलावर पळवल्याने मरतो. माझ्याकडे आलेल्या जळक्या गिअर बॉक्सांपैकी बहुतेकांची सुरुवात अशाच एखाद्या साध्या रबरी सीलपासून झालेली असते.

यात फसगत अशी होते की इंजिन ऑइल फार कमी होऊन त्याचा दाब पडला तर डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो, मोजायला डिपस्टिक असते. तुमच्या गिअर बॉक्सला यातलं काहीच नाही. थेंबांवर विसंबलात तरी चुकाल. साधारण वीस थेंबांचं एक मिलिलिटर होतं. रोज सहा थेंब म्हणजे महिन्याला नऊ-दहा मिलिलिटर, ते वाचून माणूस निर्धास्त होतो. पण तेल खरं गळतं ते गाडी पळताना. तेव्हा ते गरम असतं, पातळ असतं, आतून उडत असतं आणि फिरत्या शाफ्टबरोबर बाहेर फेकलं जातं. फरशीवर पडतं ते फक्त उरलंसुरलं.

पातळी अशी बघा. गाडी सपाट जागेवर घ्या. नुसता पुढचा भाग जॅकवर उचलून बघाल तर गिअर बॉक्स तिरका होतो आणि पातळी चुकीची दिसते. त्यापेक्षा ज्या गॅरेजला खड्डा किंवा लिफ्ट आहे तिथे न्या. इंजिन बंद करून तेल खाली बसू द्या. गिअर बॉक्सच्या बाजूला फिलरचा, म्हणजे तेल भरायच्या भोकाचा, बोल्ट असतो, तो काढून करंगळी आत घाला. भोकाच्या खालच्या कडेला तेल लागलं पाहिजे. बोटाला काहीच लागलं नाही, तर त्याच भोकातून हळूहळू तेल भरायचं, ओघळायला लागलं की थांबायचं आणि बोल्ट लावायचा. रविवारपुरतं एवढं काम पुरे.

इथे एक नियम कधी मोडू नका, आणि मिस्त्रीलाही मोडू देऊ नका. तेल बदलताना आधी वरचा फिलर बोल्ट सुटतो का ते बघायचं, मगच खालचा ड्रेन बोल्ट सोडायचा. जुन्या गाडीत फिलर बोल्ट गंजून बसलेला असतो. खालून तेल सोडून दिलं आणि वरचा बोल्ट फिरेना, तर गाडी जागेवर अडकते.

आता मूळ गोष्टीकडे वळू. हे तेल नक्की गिअर बॉक्सचंच आहे का?

तुमच्या गाडीत हे ओळखणं सोपं आहे. या वॅगन आरला क्लच वायरवर चालतो, त्यामुळे क्लच ऑइलचा प्रश्नच येत नाही. पॉवर स्टिअरिंग असेल तर ते विजेवरचं आहे, म्हणजे स्टिअरिंगचं लाल तेलही नाही. राहिलं इंजिन ऑइल, गिअर ऑइल, ब्रेक ऑइल आणि रेडिएटरचं कूलंट. कूलंट पाण्यासारखं पातळ, हिरवं किंवा गुलाबी असतं आणि गोडसर वास मारतं. ब्रेक ऑइल पातळ, फिकट पिवळं असतं आणि ते बहुधा चाकाच्या आतल्या बाजूने ओघळतं. ते निघालं तर गाडी जागेवरून हलवू नका, बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ब्रेक दुरुस्त करा. इंजिन ऑइल काही हजार किलोमीटरनंतर काळं होतं आणि त्याला जळका वास असतो. गिअर ऑइल घट्ट असतं, आणि त्यात गंधक असल्यामुळे कुजक्या लसणासारखा वास येतो. एकदा तो वास नाकात बसला की आयुष्यभर विसरत नाही. एसीचं पाणी नुसतं पाणीच, त्याची काळजी नको. सकाळच्या थेंबांखाली पांढरा पुठ्ठा ठेवा, रंग बघा, दोन बोटांत चोळा, वास घ्या. एवढ्यावर बहुतेक वेळा उलगडा होतो.

थेंब जिथे पडतो तिथूनच तेल निघतं असं मात्र धरून चालू नका. तेल वरून निघतं, केसिंगवरून घरंगळतं, वाऱ्याने मागे जातं आणि सगळ्यात खालच्या बोल्टावरून टपकतं. इंजिनच्या वरचा व्हॉल्व्ह कव्हरचा गॅस्केट गेलेला असतो आणि बिचाऱ्या गिअर बॉक्सवर आळ येतो, असं मी कितीदा तरी पाहिलंय. म्हणून सील मागवायच्या आधी गाडी धुवायची. पाण्याने नाही, डिझेलने. गिअर बॉक्स, इंजिनखालचं तेलाचं चेंबर, चाकं फिरवणाऱ्या दोन्ही ड्राइव्ह शाफ्टचे आतले सांधे आणि बेल हाउसिंगचा (इंजिन आणि गिअर बॉक्स जोडणाऱ्या कवचाचा) खालचा भाग ब्रश आणि डिझेल घेऊन घासून काढा. अठरा वर्षांची काळी माती आणि तेल यांचा थर असतो, तो सहजी निघत नाही, तासभर जातो. मग हवेच्या नळीने कोरडं करा, कापडाने पुसा आणि संशय असलेल्या जागांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरा. वीस-तीस किलोमीटर फिरून या. विजापूर रोडने एक चक्कर मारून आलात तरी चालेल. परत आल्यावर टॉर्च घेऊन खाली बघा. पावडरीवर जिथे सगळ्यात वरती ओली रेघ दिसेल, तेच गळतीचं मूळ. जो मिस्त्री न धुता, नुसतं खाली वाकून "सील गेलंय" म्हणतो, त्याला धुवायला सांगा. त्याची मजुरी वेगळी द्यावी लागली तरी द्या, पैसे वाचतील.

तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय डाव्या ड्राइव्ह शाफ्टच्या सीलवर आहे. या गाड्यांत गिअर बॉक्स डाव्या अंगाला असतो. शाफ्ट जिथे गिअर बॉक्समध्ये शिरतो तिथे हे रबरी सील बसवलेलं असतं. ते फिरत्या भागावर घासत राहतं, त्यामुळे वयानुसार जाणारच. सोलापुरात ते लवकर जातं. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर असतो, खालून डांबर तापलेलं, वरून इंजिन, आणि चिंचोळी एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांच्या गाड्या तर दिवसभर उन्हातच. उष्णतेने रबर कडक होतं, सीलच्या ओठाची, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या कडेची, लवचीकता जाते. जी गाडी घरात उभीच असते तिचंही हेच होतं, कारण सीलचा ओठ एकाच जागी दबून राहतो.

पण सील बदलण्याआधी ब्रीदर बघा. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच्याकडे होतं. गिअर बॉक्सच्या वरच्या भागात हवा बाहेर जायला एक छोटी टोपी किंवा रबरी नळी असते. कुकरची शिट्टी चोंदली तर जे होतं तेच इथे होतं. गाडी सुरू करताना आतली हवा ३० अंशांवर असेल आणि पळून पळून ९० अंशांवर गेली, तर बंद जागेत तिचा दाब सुमारे २० टक्क्यांनी वाढतो. ऐकायला हे कमी वाटेल, पण गिअर बॉक्सचं साधं सील दाब अडवण्यासाठी बनवलेलंच नसतं. ते फक्त तेल पुसून आत ठेवतं. दाब आला की ओठ उचलला जातो आणि तेल बाहेर येतं. बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोट भागातल्या शेतरस्त्यांवरून येणाऱ्या गाड्यांचे ब्रीदर काळ्या मातीने गच्च भरलेले असतात. ही माती ओली असताना चिकटते आणि वाळली की दगड होते. ब्रीदर बंद असताना तुम्ही नवं सील टाकलंत, तर महिन्याभरात तेही गळेल आणि दोष सीलला जाईल. टोपी बोटाने फिरवून बघा, नळी असेल तर काढून फुंकून बघा, डिझेलमध्ये धुऊन परत लावा. एखाद-दुसऱ्या गाडीची गळती एवढ्यावरच थांबलेली मी पाहिली आहे.

ब्रीदर मोकळा असूनही शाफ्टच्या सीलपाशी ओल असेल, तर सील बदलाच. यासाठी गिअर बॉक्स खाली घ्यावा लागत नाही, हे मुद्दाम लिहितो. चाक जमिनीवर असतानाच हबचा नट सैल करायचा, मग गाडी उचलायची. उचलल्यावर खाली मजबूत घोडी लावायची. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर ठेवलेल्या गाडीखाली कोणी जाऊ नये, मग काम पाच मिनिटांचं का असेना. तेल सोडायचं, खालचा बॉल जॉइंट सोडवायचा आणि आतला सांधा टॉमीने, म्हणजे छोट्या पहारीने, गिअर बॉक्सच्या कडेवर टेकवून बाहेर काढायचा. शाफ्टला धरून ओढायचं नाही. ओढल्यावर आतला सांधा त्याच्या रबरी बुटामध्येच सुटून येतो आणि काम दुप्पट होतं.

या कामात दोन गोष्टी बघायच्या असतात, आणि गॅरेजमध्ये नेमक्या याच दोन राहून जातात. पहिली म्हणजे, शाफ्ट बाहेर आल्यावर, सील जिथे घासतं ती शाफ्टवरची जागा. त्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर तिथे खाच पडली आहे. नवं सील त्याच खाचेत बसलं तर ओठाला धरायला सरळ पृष्ठभाग मिळत नाही. जागा असेल तर सील आधीच्यापेक्षा एक-दीड मिलिमीटर पुढे-मागे बसवून ओठ कोऱ्या जागेवर आणता येतो. नाही जमलं तर पातळ स्टीलची तयार स्लीव्ह मिळते, ती चढवायची, किंवा आतला सांधाच बदलायचा. लेथवर नेऊन ती जागा तासून घेऊ नका. वरचा कडक केलेला थर निघून जातो आणि खाली मऊ लोखंड उरतं. दुसरी गोष्ट म्हणजे शाफ्ट काढण्याआधी तो सांधा हाताने वर-खाली हलवून बघायचा. किंचित खेळ असतोच. पण खडखड हलत असेल तर डिफरन्शिअलचं (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरसंचाचं) बेअरिंग झिजलंय, आणि मग गळतीचं मूळ सीलमध्ये नाही, बेअरिंगमध्ये आहे.

नवं सील बसवताना त्याच्या ओठावर थोडं ग्रीस लावायचं. स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे ठेवायची. सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढी पान्याची गोटी (सॉकेट) किंवा पाइपचा तुकडा ठेवून ते चारी बाजूंनी सारखं ठोकत बसवायचं. एका बाजूने हातोडी मारलेलं सील तिरकं बसतं आणि पहिल्याच आठवड्यात गळतं. शाफ्ट परत घालताना त्याचे दाते ओठाला कापणार नाहीत अशा बेताने, सरळ, आधार देऊन घालायचा. शाफ्टच्या टोकाची सर्क्लिप (अडकवणारी तारेची कडी) नवी टाका. आत बसल्याचा खट्ट आवाज आला पाहिजे, आणि नंतर सांध्याला धरून हलकेच ओढून खात्री करा. एकदा खोललंच आहे तर दोन्ही बाजूंची सीलं बदला. सीलची किंमत शेकड्यात असते, खरा खर्च मजुरीचा आणि तेलाचा.

बाकीच्या जागा पटकन सांगतो. ड्रेन बोल्टचं वायसर जुनं असेल तर बदला, पण बोल्ट जोर लावून पिळू नका, केसिंग ॲल्युमिनिअमचं आहे, आटे गेले की मोठं काम निघतं. रिव्हर्स लाइटचा स्विच, स्पीडोमीटरची वायर किंवा सेन्सर जिथे आत जातो तिथली ओ-रिंग आणि गिअर बदलणाऱ्या दांडीचं सील, ही तिन्ही कामं गिअर बॉक्स न उतरवता होतात. केसिंगच्या जोडावरून पाझर असेल तर बोल्ट आवळून ती थांबत नाही. तो जोड उघडून, घासून, नवीन अनाबॉन्ड (जोड बंद करणारी पेस्ट) लावूनच बसवावा लागतो. पाझर नुसती ओल असेल आणि थेंब पडत नसेल, तर मी ती तशीच राहू देतो आणि दर सर्व्हिसला पातळी बघतो. दगड लागून केसिंगला चीर गेली असेल तर एमसील हा घरी पोचण्यापुरता उपाय आहे. चांगल्या आर्गन वेल्डिंगवाल्याकडे न्या.

गिअर बॉक्स खाली घेण्याची गरज पडते ती बेल हाउसिंगमधून, म्हणजे इंजिन आणि गिअर बॉक्सच्या मधून तेल येत असेल तेव्हा. तिथे दोन सीलं शेजारी असतात, इंजिनच्या क्रँकशाफ्टचं मागचं आणि गिअर बॉक्सच्या इनपुट शाफ्टचं. कोणतं गेलंय ते वासावरून आणि कोणतं तेल कमी होतंय त्यावरून ठरवायचं. चढावर क्लच घसरत असेल, इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही असं होत असेल, तर तेल क्लच प्लेटपर्यंत पोचलंय. तेल प्यायलेली प्लेट पेट्रोलने धुऊन परत लावू नका, ती टिकत नाही. आणि गिअर बॉक्स उतरवलाच तर क्रँकचं सील, इनपुट सील, दांडीचं सील, शाफ्टची दोन्ही सीलं आणि क्लचचं रिलीज बेअरिंग एकदमच करून घ्या. त्यासाठी गॅरेजवाल्याने "सगळे सील मारू" म्हटलं तर तो बरोबर आहे. तुमची गळती तिथली असल्याचं मात्र अजून कोणी दाखवलेलं नाही.

बाटलीतल्या औषधाचं म्हणाल तर ते रबर थोडं फुगवतं आणि मऊ करतं. कडक झालेल्या सीलची गळती काही दिवस कमी होऊ शकते. पण शाफ्टवरची खाच, चोंदलेला ब्रीदर, झिजलेलं बेअरिंग किंवा तिरकं सील यातलं काहीच त्याने दुरुस्त होत नाही, आणि जे सील चांगलं आहे तेही फुगतं. तुमच्या गाडीत मी टाकणार नाही.

तेल कोणतं भरायचं, यावर दुकानात हमखास घोळ होतो. तुमच्या गाडीला जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल लागतं, ७५ डब्ल्यू ९० घ्या. दुकानदार "जीएल-५ त्याहून भारी" म्हणून देईल. ते मागच्या ॲक्सलच्या डिफरन्शिअलसाठी चांगलं आहे. त्यातली गंधकयुक्त रसायनं जास्त असतात आणि गिअर बॉक्समधल्या, गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या पितळी सिंक्रो रिंगांना ती झिजवू शकतात. डब्यावरचा आकडा स्वतः वाचा. जुनं तेल सोडताना ड्रेन बोल्टावरचं चुंबक किंवा भांड्याचा तळ बघा. राखाडी, मलमासारखा लगदा असेल तर तो नेहमीचा. चकचकीत तुकडे, दात्याचे टवके दिसले तर सीलचं काम थांबवून आधी आत काय झालंय ते बघावं लागेल. पाचव्या गिअरमध्ये शिट्टीसारखा आवाज येत असेल तर तोही सांगा. या गिअर बॉक्समध्ये पाचव्याचा संच टोकाला कव्हरखाली असतो, तेल कमी पडलं की तिथे आधी जाणवतं. निघालेलं तेल गटारात किंवा मातीत ओतू नका, गॅरेजच्या जुन्या तेलाच्या पिंपात जाऊ द्या.

ऑटोमॅटिक गाडी असलेल्यांसाठी दोन शब्द. तिथलं तेल बहुधा लाल आणि पातळ असतं. गळती चेंबरच्या पॅकिंगमधून किंवा रेडिएटरकडे जाणाऱ्या नळ्यांच्या सांध्यातून जास्त होते. पातळी तपासायची रीत कंपनीगणिक वेगळी आहे, काहींत इंजिन चालू ठेवून, काहींत बंद करून, पण बहुतेक गाड्यांत तेल गरम असतानाच. तेल चुकवू नका. जुन्या होंडा सिटी झेडएक्सच्या सीव्हीटी प्रकारच्या ऑटोमॅटिक गिअर बॉक्सला एचएमएमएफ नावाचं वेगळं तेल लागायचं, साधं एटीएफ (ऑटोमॅटिकचं नेहमीचं तेल) त्यात चालत नाही. तेल गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधला कूलर फुटून पाणी आत गेलंय, गाडी लगेच बंद करा. एएमटी गाड्यांत (साधा गिअर बॉक्स, पण गिअर यंत्र बदलतं) गिअर ऑइल वेगळं असतं, आणि गिअर बदलणारी यंत्रणा हायड्रॉलिक असेल तर तिचं तेल वेगळं.

तेव्हा तुम्ही करायचं ते असं. शनिवारी पातळी तपासून भरून घ्या आणि ब्रीदर साफ करून घ्या, रविवारी आईला घेऊन जा. सोमवारी गाडी धुऊन, पावडर टाकून गळती शोधा. शाफ्टचं सील निघालं तर ते बदला, शंभर किलोमीटरनंतर पुन्हा खालून बघा आणि हजार किलोमीटरवर पातळी एकदा तपासा. नवं सीलही महिन्या-दोन महिन्यांत गळायला लागलं, तर तिसरं सील टाकू देऊ नका. शाफ्टवरची खाच आणि डिफरन्शिअलचं बेअरिंग तुमच्या डोळ्यांसमोर तपासून घ्या.